आधी मंडळीने गाव सोडले

मंडळीच्या वार्षिक सभेत हजेरीचा विषय निघाला, की आमच्या नगर जिल्ह्यात उत्तर ठरलेले असते. तरुणांना देवाचे भय उरले नाही, हातात मोबाईल आला, लग्ने रविवारीच निघतात, क्लासही रविवारीच असतात. वडीलधारे माना डोलावतात, तरुण संघाने पुढाकार घ्यावा असा ठराव होतो, इतिवृत्तावर सह्या होतात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच विषय, आणि सभेला आलेली माणसे आणखी थोडी कमी. हे उत्तर मला पटत नाही. मोबाईल वसईत आहे, मिझोराममध्येही आहे, आणि तिथली चर्चे रविवारी भरतात. नगरच्या खेड्यांतली चर्चे ओस पडू लागली ती मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी. त्याची कारणे पोरांच्या खिशात शोधण्यापेक्षा आपल्याच दप्तरात शोधावीत, असे मला वाटते.

मी बोलतो आहे ते मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनने उभ्या केलेल्या आणि १९७० नंतर बहुतांशी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलेल्या मंडळ्यांबद्दल. जिल्ह्यात कॅथलिक आहेत, मुक्तिफौज आहे, अँग्लिकन परंपरेची जुनी घराणी आहेत. त्यांचे प्रश्न थोडे वेगळे आहेत. पण नगरचा ख्रिस्ती म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे येते, ते याच मिशनच्या अंगणात घडलेले आहे. हे मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाची माणसे १८१३ साली मुंबईत आली आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे उघडले. सिंथिया फॅरारबाई १८३९ मध्ये इथे आल्या. त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरमध्येच निघाला. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई इथे राहिले, ‘स्मृतिचित्रे’तला केवढा तरी भाग या शहराच्या रस्त्यांवरचा आहे. पडद्यावर ज्यांना महाराष्ट्राने कृष्ण म्हणून डोळे भरून पाहिले, ते शाहू मोडक नगरच्या ख्रिस्ती घरातले. एवढे सगळे ज्या मंडळीने दिले तिच्या खेड्यांतल्या खोल्यांना आज कुलपे लागत आहेत, ही गोष्ट केवळ ख्रिस्ती लोकांनी घरात बसून हळहळण्याची नाही.

रविवारी सकाळी नेवासे किंवा राहुरी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या मंडळीत जाऊन बसावे. उपासनेची वेळ दहाची, सुरुवात पावणेअकराला, कारण पाळकसाहेब आधीच्या गावची उपासना आटोपून मोटारसायकलवर येतात आणि इथले उरकून त्यांना तिसऱ्या गावी जायचे असते. दगडी भिंती, वर कौले, पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळणारे पाणी झेलायला ठेवलेली बादली. पुढे सतरंजीवर काही म्हाताऱ्या, डोक्यावर पदर, कापडी पिशवीतून काढलेले पवित्र शास्त्र आणि पाने सुटून दोऱ्याने बांधलेले ‘उपासना संगीत’. भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोन-तीन निवृत्त शिक्षक, एखादी निवृत्त नर्स, सुटीला आजीकडे आलेली नातवंडे. मधल्या वयाचे, तिशी ते पन्नाशीचे माणूस शोधूनही सापडत नाही. पेटी वाजवणारे एकटेच, ढोलकीला कोणी नाही. गाणे मात्र सुरू झाले की खोली भरते. कृष्णराव सांगळे आणि टिळक यांची पदे या बायकांना तोंडपाठ आहेत, पुस्तक नुसते हातात धरायला.

कपाटात मंडळीची नोंदवही असते. नाव, बापाचे नाव, वय, बाप्तिस्म्याची तारीख, पाळकाची सही, आणि शेवटी शेरा. जुन्या पानांवर शेरा बहुधा कोरा असतो, फार तर ‘मयत’. मधल्या पानांवर तो भरू लागतो: पुण्यास गेले, मुंबईस गेले, नोकरीनिमित्त बदली. अलीकडच्या पानांवर शेऱ्याची गरजच पडत नाही, कारण नावेच थोडी. हे वाचायला बसले की घसरण कधी सुरू झाली ते समजते, आणि ती एका कारणाने झालेली नाही हेही समजते.

पहिले कारण जन्मापासूनचे आहे. १८५४ साली अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या पाहणीला आले. त्यांचे म्हणणे स्वच्छ होते: इथल्या मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि शुभवर्तमान आपणच पसरवावे; मिशनने आज ना उद्या बाजूला व्हायचे आहे. त्याच सुमारास नगरला हरिपंत आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा देशी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढच्या काही वर्षांत गोदावरी-प्रवरेच्या काठच्या गावांत महारवाड्यांतून माणसे मंडळीत येऊ लागली. १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले, तेव्हा ही संख्या झपाट्याने वाढली. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी दुष्काळात केलेले काम खरे होते, त्याने हजारो जीव वाचले, आणि त्याबद्दल कोणी हिणकस बोलले तर मला राग येतो. पण त्या धामधुमीत अँडरसन यांचे सूत्र मागे पडले. मिशनचा विस्तार पगारावर झाला. शिक्षक पगारी, उपदेशक पगारी, बायबलबाई पगारी. लोकांनी आपल्या घासातला घास देऊन आपला पाळक पोसावा, ही सवय बहुतेक गावांना लागलीच नाही, कारण तो कुणी दुसरा पोसत होता.

तरीही ती व्यवस्था दोन-तीन पिढ्या चालली, आणि चालली ती गावातल्या मास्तरामुळे. या मास्तराविषयी कोणी पुस्तक लिहायला हवे. तो मिशनच्या शाळेचा शिक्षक आणि तोच मंडळीचा उपदेशक. एकाच खोलीत दिवसा शाळा, संध्याकाळी प्रार्थना, रविवारी उपासना. त्याचे घर वाड्यातच. मामलेदाराकडचा अर्ज तो लिहायचा, मुंबईच्या गिरणीतून आलेले पत्र तो वाचून दाखवायचा, अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यापर्यंत तो जायचा, हुशार पोराला हात धरून नगरच्या बोर्डिंगात तोच पोचवायचा. रात्री कंदिलाच्या उजेडात सांगळ्यांनी रुळवलेल्या चालीवर कीर्तन व्हायचे आणि त्याला वाड्याबाहेरची माणसेही येऊन बसायची. उपासनेला न आलेल्याच्या घरी सोमवारी मास्तर हजर. हजेरी टिकत होती ती या माणसामुळे. तो सातही दिवस गावात होता.

१९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतून येणारा पैसा आटला. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षण सरकारने हाती घेतले, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. गावोगावच्या मिशन शाळा बंद झाल्या किंवा सरकारी शाळांत विरून गेल्या. शिक्षणाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण शाळा गेली तेव्हा मास्तर गेला, आणि मास्तर गेला तेव्हा मंडळीचा गावातला एकुलता एक पूर्णवेळ माणूस गेला. त्याच्या जागी दुसरा देण्याचा विचार कोणी केला नाही. पाच-सहा गावांना एक पाळक, तो राहायला तालुक्याला किंवा नगरला. या मास्तरांनी जी मुले शिकवली, ती शिक्षक, नर्स, कारकून होऊन महाराष्ट्रभर पांगली. पुणे, पिंपरी, ठाणे, मुंबईतल्या मराठी चर्चमध्ये नगरचे केवढे तरी लोक आहेत. त्यांना निघताना मंडळीचा दाखला देण्याची रीत होती. तो कोणी मागितला नाही, कोणी दिला नाही. नाव इथल्या वहीत राहिले, माणूस तिथल्या वहीत चढलाच असे नाही. आपल्यातली उत्तम माणसे संस्थांकडे गेली. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली नगरला कॉलेज काढले, रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला आरोग्याचे काम सुरू केले, ज्याची दखल जगाने घेतली. या कामांचा मला अभिमान आहे. मात्र गावच्या खोलीत दर रविवारी दिवा लावणारे माणूस तयार करायला तेवढ्या ताकदीचे कोणी उभे राहिले नाही.

टिळकांना हे धोके फार आधी दिसले होते. वीस-बावीस वर्षे मिशनबरोबर काढल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत, कारभार परक्या पैशावर चालू नये, वळण या मातीतले असावे, असा तो प्रयत्न होता. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार पुढे चालला नाही. त्यांची पदे आपण उचलली, दर रविवारी म्हणतो. त्यांनी पगार का सोडला हा प्रश्न मात्र आपण त्यांच्याबरोबर पुरला.

दुसरे कारण सरकारी कागदाचे आहे, आणि ते उघड बोलायला आमच्यात सगळे कचरतात. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. महाराष्ट्राने तर नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती १९६० पासूनच दिल्या होत्या. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. राज्यात त्याला इतर मागासवर्गात जागा आहे, पण अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नाही, राखीव मतदारसंघ नाही, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही नाही. एकाच वाड्यातल्या दोन सख्ख्या चुलत घरांचा विचार करा. आजोबा एक, शेताचा बांध एक, गावाने दिलेली वागणूक एक. १९५६ साली एक घर बाबासाहेबांमागे गेले, दुसरे पूर्वीच मंडळीत आले होते. आज एका घरातली मुलगी राखीव जागेवरून सरपंच होते आणि दुसऱ्या घरातली तो अर्ज भरू शकत नाही. मग दुसऱ्या घराने काय केले? शाळेच्या दाखल्यावर जुनीच जात ठेवली, आणि येशूला घरात ठेवले.

त्याला कोणी ढोंग म्हणू नये. पोराच्या फीचा प्रश्न असलेल्या बापाने काय करायला हवे होते, हे सांगण्याचा अधिकार मला तरी नाही. पण त्याचा परिणाम सरळ मंडळीच्या वहीवर होतो. ज्याची जात पडताळणी व्हायची आहे तो बाप्तिस्म्याची नोंद टाळतो. चर्चमध्ये लागलेल्या लग्नाचा दाखला उद्या विरोधक पुढे करील, या धास्तीने लग्न कार्यालयात लागते आणि पाळकाला आशीर्वादापुरते बोलावले जाते. पुढे मूल होते, त्याचेही नाव वहीत येत नाही. माणूस प्रार्थना करतो, नाताळला घरावर चांदणी लावतो, मयत ख्रिस्ती दफनभूमीत नेतो, आणि सभासद मात्र नसतो. जनगणनेचे आकडे याच नजरेने वाचायला हवेत. २००१ मध्ये महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ५८ हजार होते, २०११ मध्ये १० लाख ८० हजार. राज्याची लोकसंख्या त्या दहा वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, ख्रिस्ती दोन टक्क्यांनी. लोकसंख्येतला वाटा १.०९ टक्क्यांवरून ०.९६ वर आला. यात मुंबई आणि वसईची कुटुंबे लहान होण्याचा भाग आहेच. पण गावाकडे किती माणसे स्वतःच्याच नावाला घाबरून गप्प राहिली, ते कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये त्याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमावा लागला. सर्वोच्च न्यायालयातला वाद २००४ पासूनचा आहे. एवढ्या काळात एक पिढी वहीच्या बाहेर वाढली.

डॉ. आंबेडकरांनी १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना आम्हाला बजावले होते की तुम्ही शिकलात, नोकऱ्या मिळवल्यात, पण आपल्या हक्कांसाठी संघटित राजकारण केले नाहीत. त्या बोलण्याचा राग धरण्यासारखे त्यात काही नव्हते. आम्ही तेव्हा मिशनरी साहेबावर विसंबलो होतो, नंतर बिशपांवर विसंबलो.

तिसरे कारण मालमत्तेचे. मिशनने शहरात मोक्याच्या जागा घेतल्या होत्या: बंगले, बोर्डिंगे, शाळा, दवाखाने, मैदाने. तेव्हा त्या गावाबाहेर होत्या, आता त्या बाजारपेठेच्या मध्यावर आहेत. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा माणसे एक झाली, पण जमिनीची कागदपत्रे सगळीकडे एक झाली नाहीत. काही मंडळ्या बाहेर राहिल्या, काही जुने विश्वस्त जागेवर राहिले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्या संस्थेत विलीन होत नाही. खटला गुजरातचा, पण कायदा १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त अधिनियम, जो आपल्यालाही लागू आहे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्टवर हरकती, हरकतींवर अपिले, एका गटाने भरवलेली निवडणूक दुसऱ्या गटाला अमान्य. यात कोण बरोबर आणि कोण चूक हे मी ठरवणार नाही. मला दिसते ते एवढेच, की मंडळीच्या बैठकीत भाडेकरार, दुकानगाळे आणि वकिलाची फी यांवर तासन्तास बोलले जाते, आणि अमुक गावात सहा महिने प्रभुभोजन झाले नाही हा विषय शेवटी ‘आयत्या वेळच्या विषयां’त येतो. तरुण मुलगा अशा एका सभेला येतो, दुसऱ्या सभेला येत नाही. त्याला देवाचे भय नाही असे आपण म्हणतो. कदाचित आपल्यापेक्षा त्यालाच ते जास्त असेल.

माणसे श्रद्धेपासून तुटलेली नाहीत, याचा पुरावा जिल्ह्यातच आहे. सप्टेंबरात श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. कॅथलिकांची यात्रा, पण तिथे जाणाऱ्यांत आमच्या मंडळ्यांचे लोक असतात, बौद्ध असतात, हिंदू असतात. टेम्पो भरभरून, पायी, लेकरे कडेवर घेऊन माणसे जातात, नवस बोलतात, मेणबत्त्या लावतात. दुसरीकडे गावोगावी स्वतंत्र प्रार्थनासभा निघाल्या आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये, कोणाच्या ओट्यावर, शुक्रवारी दुपारी, कधी रात्रीही. सकाळी आमच्या चर्चमध्ये दिसलेली बाई दुपारी तिथे भेटते. तिथल्या उपदेशातल्या काही गोष्टी मला मान्य नाहीत. दुखणे प्रार्थनेने बरे होईल म्हणून औषध थांबवणे तर अजिबात नाही. पण तिथला माणूस तिच्या घरी येतो, तिच्या दारूड्या नवऱ्याशी बोलतो, रात्री फोन उचलतो. मास्तर जे करायचा तेच तो करतो आहे. म्हणून ती तिकडे जाते.

आमची मूळ मंडळी, जिने बोस्टनहून माणसे पाठवली, तिचीही हीच अवस्था आहे. अमेरिकन बोर्डाचा वारसा सांगणारे युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट १९५७ साली स्थापन झाले तेव्हा त्याचे सुमारे वीस लाख सभासद होते, आज ते आठ लाखांच्याही खाली आले आहेत. काहीजण यातून समाधान मानतात, की जगभर हेच चालले आहे तर आपण काय करणार. पण त्यांच्याकडे माणसे देव मानेनाशी झाली म्हणून चर्च सोडतात. आपल्याकडची माणसे देव मानतात, गाणी म्हणतात, नवस फेडायला चालत जातात, आणि तरीही आपल्या वहीत नाहीत. त्यांचे दुखणे सांगून आपले झाकता येणार नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे कोर्टाच्या निकालाची वाट न पाहता करता येईल. शहरातल्या मालमत्तेचे जे उत्पन्न आज निर्विवाद हातात येते, त्यातला ठरावीक हिस्सा खेड्यातल्या सेवकांच्या मानधनासाठी बाजूला काढावा, आणि तो सेवक त्या गावातच राहणारा असावा, स्त्री असेल तर फारच उत्तम. कापणीच्या सणाला शेतकरी सभासद ज्वारी, बाजरी, कोंबड्या, अंडी आणतात, त्यांचा लिलाव होतो. ती रक्कम त्याच गावात खर्च व्हावी, म्हणजे आपल्या पैशाने आपला सेवक उभा आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसेल. आणि ज्याला कागदावर नाव लावणे परवडत नाही, त्यालाही प्रभूच्या मेजावर आणि मंडळीच्या विचारविनिमयात जागा असावी. टिळकांनी हेच मांडले होते, त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली.

माझी वाचकांना, त्यातही नगरहून बाहेर गेलेल्या ख्रिस्ती वाचकांना एक विनंती आहे. यंदा नाताळला गावी गेलात तर आपल्या मंडळीच्या कमिटीकडे दोन गोष्टी लेखी मागा: सभासदांची आजची खरी यादी आणि गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च. दोन्ही चर्चच्या दारावर लावायला सांगा. यादीत तुमचे नाव अजून असेल, तर त्या गावातल्या सेवकाच्या मानधनाचा तुमचा वाटा त्याच दिवशी भरून या.